हेल्मेटला विचारलेले प्रश्न

हेल्मेटची परीक्षा चमत्कारिक असते. तीत उत्तीर्ण झालेले हेल्मेट पुन्हा वापरता येत नाही. दुकानाच्या फळीवरील ज्या हेल्मेटच्या आत मानकाचा क्रमांक छापलेला असतो, ते स्वतः कधीच परीक्षेला बसलेले नसते. बसलेली असतात त्याच साच्यातून निघालेली त्याची भावंडे, आणि ती केव्हाच भंगारात गेलेली असतात. ग्राहकाच्या हाती येते ते एक अनुमान: चार-सहा नमुने ज्या आघाताला टिकले, त्याच आघाताला हाही टिकेल. हे अनुमान बहुतेक वेळा भरवशाचे ठरते. मात्र ‘तोच आघात’ म्हणजे नेमका कोणता, हे फारच थोडे ग्राहक विचारतात. मुलाची बॅट निवडताना जो बाप तिचे लाकूड, वजन आणि पाते तासभर न्याहाळतो, तोच हेल्मेट रंग पाहून घेतो.

सायकलच्या हेल्मेटची चाचणी समजायला सर्वांत सोपी. प्रयोगशाळेत धातूचे एक डोके असते. त्याला हुबेहूब चेहरा लागत नाही. माणसाच्या डोक्याचा आकार आणि वजन तेवढे लागते. मध्यम मापाचे हे डोके सुमारे पाच किलोचे. त्याच्या वस्तुमानकेंद्राशी त्वरणमापक बसवलेला असतो. त्यावर हेल्मेट घालून, पट्टा आवळून, ते पोलादी ऐरणीवर सोडतात. सपाट ऐरण म्हणजे रस्ता, आणि कडेची ऐरण म्हणजे पदपथाची धार. युरोपीय मानकात सपाट ऐरणीवर आदळताना वेग सेकंदाला ५.४२ मीटर असावा लागतो. दीड मीटर उंचीवरून मोकळे पडणाऱ्या वस्तूला जमिनीशी पोहोचताना हाच वेग येतो, आणि सायकलस्वाराचे डोकेही साधारण त्याच उंचीवर असते. त्या क्षणी डोक्याचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या २५० पटींहून, म्हणजे २५० ‘जी’हून, अधिक होता कामा नये. अमेरिकी मानक डोके दोन मीटरवरून पाडते आणि ३०० जी पर्यंत सूट देते. दोहोंतील कडक कोणते, याचे एका वाक्यात उत्तर नाही. एकाचा प्रश्न अवघड आहे, दुसऱ्याची तपासणी कठोर.

नमुने आधी छळलेलेही असतात. काही ५० अंश सेल्सियसला तापवलेले, काही उणे २० पर्यंत गोठवलेले, काही कृत्रिमरीत्या जुने केलेले. विदर्भातील मे महिन्यात बंद मोटारीत राहिलेल्या हेल्मेटला हा अनुभव नवा नाही. पट्ट्याची परीक्षा वेगळी होते: ६० सेंटिमीटरवरून चार किलोचे वजन पट्ट्याला झटका देते आणि पट्टा किती ताणला गेला ते मोजले जाते. ही चाचणी पाहायला अगदीच रटाळ असते, पण तिच्यावाचून बाकीच्या सगळ्या व्यर्थ आहेत. आघाताच्या क्षणी डोक्यावर नसलेले हेल्मेट कितीही उत्तम असले तरी त्याचा उपयोग शून्य.

या सगळ्यामागील भौतिकशास्त्र अकरावीच्या पुस्तकातले आहे. थांबणाऱ्या वस्तूचे मंदन म्हणजे वेगाचा वर्ग भागिले थांबण्याच्या अंतराची दुप्पट. सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने येणारे डोके दोन मिलिमीटरांत थांबले, तर सरासरी मंदन साडेसातशे जी. तेच डोके वीस मिलिमीटरांत थांबले, तर पंचाहत्तर. प्रत्यक्षात मंदन एकसारखे नसते, त्याचे शिखर सरासरीहून बरेच उंच जाते; तरी हिशेबाचा रोख तोच राहतो. हेल्मेट डोक्याला मिळवून देते ते एवढेच: थांबायला दीड-दोन सेंटिमीटर जास्तीची जागा. ही जागा ज्या पदार्थातून मिळते तो बहुतेक सायकल-हेल्मेटांत प्रसारित पॉलिस्टायरीन असतो. मराठी घरांत त्याला थर्माकोल म्हणतात आणि गणपतीची मखर करण्यापलीकडे त्याला फारशी प्रतिष्ठा नसते. पण आघात होताच त्याच्या हजारो सूक्ष्म पेशी चिरडतात आणि त्या चिरडण्यात ऊर्जा खर्च होते. चिरडलेली पेशी पुन्हा फुगत नाही, आणि हाच त्याचा गुण. स्प्रिंगसारखा उसळणारा पदार्थ ऊर्जा डोक्याला परत करील. म्हणून जोरात आपटलेले सायकल-हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसले तरी आतून संपलेले असू शकते. त्यावर ॲसिटोनसारखे द्रावण किंवा पेट्रोल पुसून ते ‘स्वच्छ’ करणारे लोकही आढळतात. थर्माकोल त्यात विरघळतो.

२५० हा आकडा आला कुठून? त्याची मुळे डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातील प्रयोगांत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यात तेथील संशोधकांनी मृतदेहांच्या कवट्या कठीण पृष्ठांवर आदळून त्या कधी तडकतात ते नोंदवले, आणि आघाताचा जोर व कालावधी यांचा एक वक्र काढला. फार मोठे त्वरण डोके काही सहस्रांश सेकंद सोसते. लहान त्वरण जरा अधिक काळ. पुढे याच वक्रातून आघाताची तीव्रता एका संख्येत सांगणारे निर्देशांक निघाले. त्यांत त्वरणाचा अडीचवा घात घेतला जातो, म्हणजे त्वरण दुप्पट झाले की धोका साडेपाच पटींहून अधिक वाढलेला धरतात. मानकांची मर्यादा हा या संशोधनाशी, त्या काळच्या कारखानदारीशी आणि हेल्मेट किती जाड असले तर माणसे ते घालतील या अंदाजाशी केलेला तह आहे. २४९ जी नोंदवणारे हेल्मेट उत्तीर्ण होते, २५१ चे नापास. कवटीला या दोहोंतील फरक कळत नाही. आणि मुख्य म्हणजे हा सारा हिशेब कवटी फुटू नये यासाठी मांडलेला आहे. मेंदूची कहाणी थोडी वेगळी आहे, ती पुढे.

क्रिकेटमध्ये प्रश्नच बदलतो. सायकलस्वाराचे डोके रस्त्याकडे जाते. फलंदाजाचे डोके जागेवर असते आणि चेंडू त्याच्याकडे येतो. १६० ग्रॅमचा चेंडू ताशी १२० किलोमीटरने डोक्यापाशी पोहोचला, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे ८९ ज्यूल. दीड मीटरवरून पडणाऱ्या पाच किलोच्या डोक्याची ७३ ज्यूल. ऊर्जा जवळपास सारखी, पण संवेग पाहिला तर चेंडूचा सव्वापाच एकक आणि पडत्या डोक्याचा सत्तावीस. चेंडू पाच किलोच्या डोक्याला फार वेग देऊ शकत नाही. सेकंदाला मीटर-दीड मीटर इतकाच. त्याचा धोका असा की ती सगळी ऊर्जा रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, एका क्षणात उतरते. म्हणून क्रिकेटच्या हेल्मेटला कठीण कवच लागते, मार मोठ्या पृष्ठावर पसरवणारे, आणि चेहऱ्यापुढे लोखंडी जाळी. सायकलच्या हेल्मेटला लागतो जाड, चिरडणारा थर. एकाच हेल्मेटात दोन्ही खेळ भागवण्याची काटकसर म्हणजे एका विषयाची उत्तरपत्रिका दुसऱ्या विषयाच्या परीक्षकाकडे पाठवण्यासारखे आहे. सायकलच्या हेल्मेटचा पुढचा भाग उघडा असतो आणि माथ्यावर वाऱ्यासाठी भोके असतात. क्रिकेटचे हेल्मेट पदपथाच्या धारेवर कोणी आपटून पाहिलेले नसते.

हे शहाणपण भारतीय क्रिकेटला फार महाग पडले. मार्च १९६२ मध्ये भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्यावर लागून कोसळले. कवटी फुटली होती. शस्त्रक्रियेसाठी रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते, आणि चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी व पॉली उम्रीगरही. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पुढे प्रथम श्रेणीचे क्रिकेटही खेळले, पण कसोटी कधीच नाही. त्यांच्या कवटीत नंतर बसवलेली धातूची पट्टी साठ वर्षांनी, २०२२ मध्ये मुंबईत काढण्यात आली. १९७६ मध्ये जमैकाच्या सबाइना पार्कवर बडोद्याचे अंशुमन गायकवाड उघड्या डोक्याने वेगवान माऱ्यासमोर ८१ धावा काढून, कानावर चेंडू लागून, रुग्णालयात गेले. त्या सामन्याच्या दुसऱ्या डावापर्यंत भारताचे इतके खेळाडू जायबंदी झाले की पाच गडी बाद असतानाच तो डाव संपला. क्रिकेटमध्ये हेल्मेट रुजले ते त्यानंतर. १९७७ मध्ये केरी पॅकरच्या मालिकेसाठी डेनिस अमिस यांनी मोटारसायकलच्या धर्तीचे हेल्मेट आणले, आणि १९७८ मध्ये ग्रॅहम यॅलप ते घालून कसोटी खेळले. प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. सुनील गावसकरांनी पुढे स्वतःपुरती एक कवचटोपी करून घेतली, तिला ना जाळी होती ना कानपट्टी. त्या पिढीला हेल्मेट म्हणजे धैर्याची कबुलीजबानी वाटत असे. त्या जिद्दीचे कौतुक मराठी घरांत आजही होते, आणि त्यातील निव्वळ नशिबाचा वाटा कोणी मोजत नाही.

नशीब नेहमी साथ देत नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यातील एका क्लब सामन्यात रमण लांबा फिरकी गोलंदाजीवर फलंदाजाच्या अगदी जवळ, शॉर्ट लेगला, क्षेत्ररक्षणासाठी उभे राहिले. षटकाचे थोडेच चेंडू उरले होते, म्हणून हेल्मेट मागवले नाही. फलंदाजाने ओढून मारलेला चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला आणि इतका उसळला की यष्टिरक्षकाने तो झेलला. फलंदाज बाद ठरला. लांबा स्वतः चालत मैदानाबाहेर गेले. तीन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. ते अडतीस वर्षांचे होते. गोलंदाज फिरकीचा होता, पण बॅटवरून सुटलेला चेंडू गोलंदाजाच्या वेगाचा नसतो, एवढी साधी गोष्ट त्या क्षणी कोणाच्या मनात आली नसावी. फलंदाजासमोर जवळ उभ्या राहणाऱ्या क्षेत्ररक्षकाला हेल्मेट सक्तीचे करणारा आंतरराष्ट्रीय नियम जून २०२३ मध्ये लागू झाला, लांबा गेल्यानंतर पंचवीस वर्षांनी.

हेल्मेट घातले म्हणजे प्रश्न सुटला, असेही नव्हते. ऑगस्ट २०१४ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर भारताच्या वरुण ॲरनचा उसळता चेंडू स्टुअर्ट ब्रॉडच्या हेल्मेटची पुढची कड आणि जाळी यांच्यामधून आत शिरला आणि त्याचे नाक मोडले. हा अपघात चमत्कार नव्हता. इंग्लंडमधील संशोधकांनी त्याआधीच फलंदाजांना झालेल्या इजांची चित्रणे सावकाश फिरवून पाहिली होती, आणि चेहऱ्याच्या जखमांत दोन प्रकार वारंवार दिसले होते: कड आणि जाळी यांमधील फटीतून चेंडू आत येणे, किंवा जाळीच वाकून चेहऱ्यावर आदळणे. जुन्या ब्रिटिश मानकाने कवचाची परीक्षा घेतली होती, पण खऱ्या वेगाने येणारा खरा चेंडू जाळीवर मारून पाहिला नव्हता. हेल्मेट विचारलेल्या प्रश्नांत उत्तीर्ण होते. जो प्रश्न मैदान रोज विचारत होते, तो प्रश्नपत्रिकेत नव्हताच. बीएस ७९२८:२०१३ या सुधारित मानकाने ही उणीव भरून काढली. आता चेहऱ्याच्या आकाराच्या नकली डोक्यावर हेल्मेट चढवून त्यावर चेंडू डागला जातो. चेंडू आत शिरला, किंवा वाकलेली जाळी चेहऱ्याला टेकली, तर ते हेल्मेट नापास. २०१७ च्या आरंभापासून आंतरराष्ट्रीय सामन्यात हेल्मेट घालायचे तर ते याच मानकाचे, असा नियम झाला. नव्या हेल्मेटांवर काही फलंदाज नाराज होते, कारण चेंडू नीट दिसावा म्हणून जाळी खाली सरकवून फट वाढवण्याची जुनी सवय त्यांत भागत नव्हती.

ब्रॉडच्या नाकानंतर साडेतीन महिन्यांनी, २५ नोव्हेंबर २०१४ रोजी, सिडनीत फिलिप ह्यूजच्या मानेवर, कानाखाली, चेंडू लागला. मानेतील कशेरुक धमनी फाटून मेंदूभोवती रक्तस्राव झाला, आणि दोन दिवसांनी, सव्विसाव्या वाढदिवसाला तीन दिवस असताना, तो गेला. त्याने हेल्मेट घातलेले होते. ते नव्या ब्रिटिश मानकाचे नव्हते, यावर तेव्हा बराच गदारोळ झाला. पण नंतरच्या चौकशीचा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा होता: नव्या मानकाचे हेल्मेट असते तरी बहुधा त्याला वाचवू शकले नसते, कारण चेंडू जिथे लागला ती जागा कोणतेच हेल्मेट झाकत नव्हते. जी जागा हेल्मेटच्या बाहेर आहे, तिची परीक्षा कोण घेणार? मानेच्या संरक्षक पट्टीचा समावेश ब्रिटिश मानकात २०१९ साली झाला.

लहान मुलांच्या हेल्मेटविषयी इथे जरा थांबणे भाग आहे, कारण घरोघर चूक होते ती याच ठिकाणी. क्रिकेटच्या नियमांनुसार पुरुषांच्या चेंडूचा परीघ २२.४ ते २२.९ सेंटिमीटर, तेरा वर्षांखालील मुलांच्या चेंडूचा परीघ २०.५ सेंटिमीटरपर्यंत लहान असू शकतो. परिघाला पायने भागले की व्यास मिळतो: मोठा चेंडू सुमारे ७१ मिलिमीटर, लहान ६५. हा सहा मिलिमीटरांचा फरक जाळीच्या फटीत निर्णायक ठरू शकतो. मोठ्या चेंडूवर तपासलेली जाळी मोठा चेंडू अडवते. लहान चेंडू तिने अडवलाच पाहिजे असे नाही. म्हणूनच मानकात दोन्ही मापांच्या चेंडूंची चाचणी वेगवेगळी आहे आणि हेल्मेट कोणत्या चेंडूसाठी तपासले हे आतील पट्टीवर लिहिलेले असते. दादाचे हेल्मेट धाकट्याला देण्याची घरगुती परंपरा स्वेटरपुरती ठीक आहे. महिलांचा चेंडूही पुरुषांच्या चेंडूहून लहान असतो, २१ ते २२.५ सेंटिमीटर परिघाचा. तेव्हा मुलींनी आणि महिला खेळाडूंनी दोन्ही चेंडूंवर तपासलेले हेल्मेट निवडणे हेच तर्काला धरून आहे. दुकानात हा प्रश्न विचारणारा ग्राहक विक्रेत्याला थोडा विक्षिप्त वाटेल. वाटू द्यावा.

भारतात आणखी एक गोंधळ आहे, तो आयएसआय चिन्हाचा. आयएस ४१५१ हे दुचाकी वाहनचालकांच्या हेल्मेटचे भारतीय मानक. जून २०२१ पासून त्याच्या चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट बनवणे किंवा विकणे बेकायदा आहे. हा नियम चांगलाच झाला. पण त्यामुळे ‘आयएसआय म्हणजे मजबूत, मग कुठेही चालेल’ अशी समजूत पसरली. ते चिन्ह स्कूटरवरून पडणाऱ्या डोक्याविषयी बोलते. उसळत्या चेंडूविषयी, स्केटिंगच्या गुळगुळीत फरशीविषयी ते काहीच सांगत नाही. क्रीडासाहित्याचा भारतीय व्यवसाय मुख्यतः मेरठ आणि जालंधर इथे आहे. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी तो उभारला, आणि या कारागिरीचा माल जगभर जातो. तेव्हा चांगले हेल्मेट देशात मिळत नाही अशी तक्रार कोणी करू नये. मिळते. ‘प्रोफेशनल’, ‘टेस्ट क्वालिटी’ असे शब्द मात्र मानक नव्हेत; मानकाला क्रमांक असतो आणि साल असते. बीएस ७९२८ नंतर २०१३ आहे की १९९८, या चार अंकांत ब्रॉडच्या नाकाचा सगळा इतिहास सामावला आहे.

योग्य मानकाचे हेल्मेट चुकीच्या मापाचे असेल तर परीक्षेचा निकाल त्या डोक्याला लागू पडत नाही. प्रयोगशाळेतील धातूच्या डोक्यावर ते घट्ट, सरळ, पट्टा आवळून बसवलेले असते. ‘मूल वाढेल’ म्हणून दोन मापे मोठे घेतलेले हेल्मेट डोक्यावर फिरते. ते फिरले की कड वर जाते, फट बदलते, कपाळ उघडे पडते. भुवयांच्या जरा वर टेप धरून डोक्याचा परीघ मोजायला अर्धे मिनिट लागते. पट्टा न लावता डोके हलवल्यावर हेल्मेटबरोबर कपाळाची कातडीही हलली, तर माप बरोबर. हनुवटीचा पट्टा लोंबत ठेवून धावपट्टीवर उतरणारी शाळकरी मुले कोणत्याही मैदानावर दिसतात. दूरचित्रवाणीवरील त्यांचे आदर्शही अधूनमधून तसेच करतात. किंमत हा निकष अपुरा आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठ २०११ पासून अमेरिकन फुटबॉलच्या आणि २०१८ पासून सायकलच्या हेल्मेटांना स्वतंत्र चाचण्यांवरून तारे देते, आणि त्या याद्यांत महाग हेल्मेट दर वेळी वर असतेच असे नाही.

व्हर्जिनिया टेकच्या चाचण्यांत मानकांपलीकडचे एक मोजमाप आहे: डोके किती वेगाने फिरले. यामागे एक जुनी आणि बराच काळ बाजूला पडलेली अंतर्दृष्टी आहे. १९४३ मध्ये ऑक्सफर्डमधील भौतिकशास्त्रज्ञ होलबोर्न यांनी दाखवून दिले की मेंदू दाबला जाण्याला पाण्यासारखाच विरोध करतो, पण पिळला जाण्याला जवळजवळ नाहीच. त्यांनी जिलेटिनचा मेंदू करून त्यातील ताण अभ्यासला. सरळ धक्क्याने त्यात फारसे काही होत नव्हते. डोके झटक्याने फिरले की जिलेटिनचे थर एकमेकांवरून सरकत. कवटी न फुटता, रक्त न सांडता मेंदूला जो हादरा बसतो, ज्याला आता सगळेच कन्कशन म्हणतात, त्यात या फिरण्याचा मोठा वाटा आहे. सरळ खाली पाडून फक्त रेषीय त्वरण मोजणारी चाचणी तो पाहतच नाही. स्वीडनमधील संशोधकांनी हेल्मेटच्या आत सरकणारा पातळ थर बसवून या फिरण्याला थोडी वाट करून दिली. मोटारसायकलच्या नव्या युरोपीय मानकात तिरक्या ऐरणीवरची चाचणी आली. क्रिकेटच्या हेल्मेटकडून मात्र कन्कशनची हमी कोणी मागू नये. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेरातील ट्वेंटी-ट्वेंटी सामन्यात मिचेल स्टार्कचा चेंडू रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर लागला. जडेजा खेळत राहिला, डाव संपवून परतला, आणि मग त्याच्या जागी आलेल्या युझवेंद्र चहलने तीन बळी घेतले. लोकांनी बदली खेळाडूवर वाद घातला: जो माणूस नंतरही फटके मारत होता, त्याला कसले कन्कशन? वैद्यकशास्त्राला यात विसंगती दिसत नाही. कन्कशनची लक्षणे काही वेळाने, कधी दुसऱ्या दिवशीही उमटतात. लांबाही आपल्या पायांनी चालत गेले होते. त्यांच्या डोक्यातील इजा याहून कितीतरी गंभीर होती, पण पहिल्या काही मिनिटांत दोन्ही माणसे बाहेरून सारखीच दिसतात. शाळेच्या मैदानावर डॉक्टर नसतो, बदली खेळाडूचा नियम नसतो. असतो तो ‘काही नाही, खेळ’ म्हणणारा प्रशिक्षक.

ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा ताशी सुमारे १४९ किलोमीटर वेगाचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर, ह्यूजला लागला होता जवळपास तिथेच, आदळला. मानेची संरक्षक पट्टी तेव्हा बाजारात होती. ती लावल्याने कोंडल्यासारखे वाटते, म्हणून स्मिथ ती लावत नसे. तो सावरून पुन्हा फलंदाजीला आला, दुसऱ्या दिवशी कन्कशनची लक्षणे दिसली, आणि मार्नस लाबुशेन कसोटीतील पहिला कन्कशन-बदली खेळाडू ठरला. ऑक्टोबर २०२३ पासून ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने वेगवान माऱ्यासमोर ही पट्टी सक्तीची केली.